मदत हवी आहे : सेप्टेम गटातल्या फिन्निश चित्रकारांचं ऊन माझ्या कॅनव्हासवर चिखल का होतं?

मंडळी, व्हर्नर थोमे यांच्या १९१० सालच्या ‘आंघोळ करणारी मुलं’ या चित्राचा तैलरंगात अभ्यास करतेय. हेलसिंकीत १९१२ मध्ये जमलेल्या सेप्टेम गटातले हे चित्रकार. त्याआधी फिन्निश चित्रांत करड्या-तपकिरी रंगांचं राज्य होतं. मूळचे बेल्जियमचे चित्रकार फिंच ठिपक्यांची शैली घेऊन फिनलंडला गेले, तिथले चित्रकार माग्नुस एन्केलही उजळ रंगांकडे वळले.

अडचण अंगाच्या रंगाची आहे. सावलीत जांभळा, उन्हात नारिंगी, आणि दोन्ही भेटले की माझ्याकडे राखाडी लगदा! (ब्रश दर वेळी पुसते, शपथ.) पहिला थर पूर्ण वाळू द्यावा, की फटकाऱ्यांमध्ये कॅनव्हासची पांढरी जमीन मोकळी सोडावी? कुणी हे करून पाहिलंय का?