पुरुषांच्या ऑल-अराउंडमधील विजेत्याचे गुण ३०२ वरून ५७ वर आणि पुन्हा ९४ वर कसे गेले?

पडवीतला वाचक

नमस्कार. पॅरिस २०२४ मध्ये जपानच्या शिन्नोसुके ओकाने ८६.८३२ गुण मिळवून जिम्नॅस्टिक्समधील पुरुषांच्या ऑल-अराउंडचे (सर्व साधनांवरील एकत्रित गुणांच्या स्पर्धेचे) सुवर्णपदक जिंकले. ती अंतिम फेरी पाहिल्यावर मी उत्साहाने जुन्या ऑलिंपिक विजेत्यांचे गुण एका वहीत उतरवून काढले आणि गोंधळात पडलो. १९०० मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह सांद्रासचे गुण ३०२ आहेत. १९४८ मध्ये फिनलंडच्या वेइक्को हुहतानेनचे २२९.७० आहेत, तर चारच वर्षांनी सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर चुकारिनचे ११५.७०. १९८८ मध्ये सोल येथे व्लादिमिर आर्तेमोव्हने ११९.१२५ गुण मिळवले. पुढच्याच ऑलिंपिकमध्ये, बार्सिलोनात, व्हिताली शेर्बोला ५९.०२५ गुण पुरले. २००४ मध्ये अथेन्स येथे पॉल हॅम ५७.८२३ गुणांवर जिंकला आणि लगेच पुढच्या वेळी बीजिंगमध्ये यांग वेईचे ९४.५७५ झाले.

खेळाडू तर प्रत्येक पिढीत अधिक अवघड कौशल्ये करत आले आहेत, मग आकडे असे खालीवर का होतात? आणि या आकड्यांवरून दोन काळांतील विजेत्यांची तुलना करता येते का?

जुना पंच

आपल्या वहीतील आकडे बरोबर आहेत, मात्र ते एकाच पट्टीने मोजलेले नाहीत. मी अनेक वर्षे शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसलो आहे आणि नियमपुस्तिका बदलली की पहिल्याच स्पर्धेत गुणपत्रके कशी गोंधळतात, हे जवळून पाहिले आहे. ऑलिंपिकमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडत आले आहे.

१९०० ची पॅरिसमधील स्पर्धा आजच्या अर्थाने जिम्नॅस्टिक्सची म्हणावी का, असाच प्रश्न पडतो. त्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचा हा एकच प्रकार होता आणि त्यात १३५ स्पर्धक उतरले होते. साधनांवरील कामाबरोबरच लांब उडी, दोर चढणे आणि वजन उचलणे यांचेही गुण धरले जात होते. एकूण सोळा प्रकार, प्रत्येकी वीस गुण, म्हणजे कमाल ३२०. त्यांपैकी सांद्रासने ३०२ मिळवले. सर्वांगीण शरीरसामर्थ्याची ती परीक्षा होती, आणि आपल्याकडच्या जुन्या तालमीतल्या वस्तादाला ती आजच्या स्पर्धेपेक्षा अधिक पटली असती. ऑल-अराउंडमध्ये दोर चढणे तर १९२४ पर्यंत टिकून होते. त्या वर्षी युगोस्लाव्हियाचा लेऑन श्तुकेल्य विजेता ठरला. (हाच गृहस्थ १९९६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, अटलांटाच्या उद्घाटन सोहळ्यात ताठ चालत आला होता.)

फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार ही सहा साधने १९३६ पासून स्थिर झाली, तरी गुणांकन स्थिर नव्हते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रत्येक साधनाला ४० गुण होते, म्हणून बेरीज २४० पैकी. त्याच स्पर्धेत पॉमेल हॉर्सवर फिनलंडच्या तिघांना समान ३८.७ गुण मिळाले आणि तिघांनाही सुवर्णपदक द्यावे लागले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, आंतरराष्ट्रीय महासंघाने पहिली गुणांकन संहिता काढली. त्यानंतर हिशोब सुटसुटीत झाला: सहा साधनांवर एक सक्तीची (सर्वांना सारखीच ठरवून दिलेली) आणि एक ऐच्छिक (खेळाडूने स्वतः बसवलेली) रचना, अशा बारा रचना आणि प्रत्येकी दहा गुण, म्हणून १२० पैकी. चुकारिनपासून १९६८ च्या सावाओ कातोपर्यंतचे सगळे आकडे या चौकटीतले आहेत. त्या काळात ऑल-अराउंडची वेगळी अंतिम फेरी नव्हती. सांघिक स्पर्धेतच बारा रचनांच्या बेरजेवरून वैयक्तिक विजेता ठरत असे.

शून्य दशांश

वरील उत्तरात एक टप्पा जोडतो, कारण आपल्या वहीतील १२० वरून ६० वर झालेली घसरण त्यातूनच उलगडते. १९७२ मध्ये म्युनिक येथे प्रथमच ३६ खेळाडूंची स्वतंत्र अंतिम फेरी घेण्यात आली. मात्र खेळाडू तेथे कोऱ्या पाटीने उतरत नव्हता. सांघिक स्पर्धेतील सक्तीच्या आणि ऐच्छिक रचनांच्या बेरजेचा निम्मा भाग तो सोबत आणत असे आणि त्यात अंतिम फेरीतील सहा साधनांचे गुण मिळवले जात. कमाल पुन्हा १२० च राहिली, पण तिचा अर्थ बदलला.

लॉस एंजेलिस १९८४ चा निकाल या पद्धतीशिवाय समजत नाही. जपानचा कोजी गुशिकेन सत्तावीस वर्षांचा होता. जपानने मॉस्कोवर बहिष्कार टाकल्यामुळे १९८० ची संधी त्याच्या हातून गेली होती. अंतिम फेरी सुरू झाली तेव्हा सोबत आणलेल्या गुणांनुसार तो पाचवा होता. शेवटी त्याचे ११८.७०० आणि अमेरिकेच्या पीटर विडमारचे ११८.६७५ झाले. ०.०२५ चा हा फरक एवढा बारीक पडण्याचे कारण म्हणजे बेरीज निम्मी करताना पडणारी ती तिसऱ्या स्थानावरील पाच.

पुढे गुण सोबत आणण्याची ही प्रथाच बंद झाली. बार्सिलोनात प्रत्येकाने शून्यापासून सुरुवात केली, म्हणून शेर्बोचे ५९.०२५ हे ६० पैकी आहेत. सक्तीच्या रचना अटलांटानंतर पूर्णपणे गेल्या.

मधली फळी

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दहा गुणांच्या चौकटीत छताला डोके लागू लागले होते. सोलमध्ये आर्तेमोव्हचे गुण १२० पैकी ११९.१२५ होते, म्हणजे प्रत्येक रचनेमागे सरासरी ९.९ च्या वर. पहिले तिघे सोव्हिएतच होते, आर्तेमोव्ह, लुकिन आणि बिलोझेर्चेव्ह, आणि त्यांच्यातील एकूण अंतर ०.१५० होते. पंच आता नेमका कोणता फरक नोंदवणार, हा खरा पेच होता. अटलांटात चीनच्या ली श्याओशुआंगने रशियाच्या नेमोव्हला ०.०४९ ने मागे टाकले, तेव्हाही तेच.

शिवाय एकाच देशाचे असे तिहेरी यश पुढे नियमानेच अशक्य झाले. म्युनिकमध्ये कातो, केन्मोत्सु आणि नाकायामा या तिन्ही जपान्यांनी पदके घेतली होती. त्यानंतर अंतिम फेरीत एका देशाचे तीन आणि पुढे दोनच खेळाडू, अशी मर्यादा आली. माझ्या मते ही मर्यादा अन्यायकारक आहे. चौथ्या क्रमांकाचा सोव्हिएत खेळाडू अनेकदा जगातही चौथाच असे, आणि त्याला प्रेक्षकांत बसावे लागे.

पडवीतला वाचक

सर्वांचे आभार. आता प्रश्न उरतो तो ५७.८२३ वरून ९४.५७५ वर गेलेल्या उडीचा. अथेन्समध्ये काहीतरी वाद झाला होता, एवढे आठवते.

शून्य दशांश

वाद झाला होता आणि तो गुणांच्या वजाबाकीइतका सरळ नव्हता. पॉल हॅम व्हॉल्टवरून उतरताना पडला आणि बाराव्या क्रमांकावर गेला. उरलेल्या दोन साधनांवर त्याने जे केले त्यामुळे तो ५७.८२३ गुणांवर पहिला आला. दक्षिण कोरियाचा किम दे-उन ५७.८११ वर दुसरा आणि त्याचाच देशबांधव यांग ते-योंग ५७.७७४ वर तिसरा. त्या वेळी प्रत्येक रचनेला तिच्या काठिण्यानुसार आरंभमूल्य दिले जाई आणि त्यातून चुकांचे गुण वजा होत. यांगच्या पॅरलल बारवरील रचनेचे आरंभमूल्य १०.० असायला हवे होते, पंचांनी ते ९.९ धरले. तो दशांश मिळाला असता तर त्याची बेरीज ५७.८७४ होऊन तो पहिला आला असता.

महासंघाने चूक मान्य केली, संबंधित पंचांना निलंबित केले, पण निकाल बदलला नाही. पुढे हॅमने पदक स्वेच्छेने परत करावे असे सुचवणारे पत्रही महासंघाकडून निघाले, ते मला आजही विचित्र वाटते: चूक पंचांची आणि ती निस्तरायची खेळाडूने. प्रकरण क्रीडा लवाद न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये कोरियाचा दावा फेटाळला गेला. मैदानावरील पंचांचे निर्णय, त्यातही वेळेत हरकत न घेतलेले, न्यायालयाने पुन्हा तपासायचे नाहीत, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही विसरू नये: त्याच रचनेत यांगने परवानगीपेक्षा एक स्थिर थांबा जास्त घेतला होता आणि त्याचे गुण कापले गेलेच नव्हते.

जुना पंच

त्यानंतर २००६ मध्ये दहाची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. आता दोन पंचमंडळे दोन वेगळे गुण देतात. एक काठिण्याचा: प्रत्येक कौशल्याची ठरलेली किंमत मिळवत जायची, त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा सफाईचा: दहापासून सुरुवात करून चुकीनुसार ०.१, ०.३, ०.५ असे कापत जायचे आणि पडल्यास आज पूर्ण एक गुण जातो, जो पूर्वी अर्धाच जात असे. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या साधनाचे गुण. म्हणून यांग वेईची बेरीज एकदम ९४.५७५ झाली, आणि दुसऱ्या क्रमांकावरील, तेव्हा एकोणीस वर्षांच्या कोहेई उचिमुराशी त्याचे अंतर २.६०० राहिले. जुन्या पद्धतीत एवढे अंतर कल्पनेतही आले नसते.

पडवीतला वाचक

मग बीजिंगचे ९४.५७५ आणि पॅरिसचे ८६.८३२ यांची तरी तुलना होईल ना? पद्धत तीच आहे. दर्जा खालावला असे म्हणावे का?

जुना पंच

नाही. चौकट तीच असली तरी आतील किमती दर ऑलिंपिक चक्रात बदलतात. व्हॉल्टच्या उड्यांची ठरीव मूल्ये बीजिंगनंतर टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली, त्यामुळे तीच उडी आज कमी गुण देते. सफाईचे पंचही अधिक कडक झाले आहेत. टोकियोत दाइकी हाशिमोतो ८८.४६५ वर जिंकला, तेव्हा व्हॉल्टवर त्याचे पाऊल गादीबाहेर पडूनही गुण फार दिले, अशी ओरड झाली. महासंघाने कापलेले गुण एकेक करून जाहीर केले आणि निकाल योग्य असल्याचे सांगितले. दोन वेगळे गुण असल्यामुळे हे दाखवणे शक्य झाले, अथेन्समध्ये ते इतके सोपे नव्हते. २०२५ पासून पुरुषांच्या रचनेत दहाऐवजी आठच कौशल्ये मोजली जातात, त्यामुळे आपल्या वहीतील पुढचा आकडा आणखी लहान असेल, याची तयारी ठेवा.

मधली फळी

तुलना करायचीच असेल तर बेरजेऐवजी समकालीनांशी असलेले अंतर आणि टिकून राहण्याचा काळ पाहावा. या मोजमापात उचिमुरा वेगळाच उठून दिसतो. २००९ ते २०१६ या काळात त्याने सहा जागतिक आणि दोन ऑलिंपिक ऑल-अराउंड विजेतेपदे सलग जिंकली. २०१२ च्या लंडनमध्ये त्याची आघाडी १.६५९ होती. रिओमध्ये मात्र शेवटच्या साधनाआधी युक्रेनचा ओलेह वेर्न्यायेव्ह ०.९०१ ने पुढे होता; हॉरिझॉन्टल बारवर उचिमुराने १५.८००, वेर्न्यायेव्हने १४.८०० घेतले आणि ०.०९९ ने निकाल फिरला.

तरीही चुकारिन, कातो यांना मी त्याच्या खाली ठेवणार नाही. बारा रचनांमध्ये, त्यातील सहा सर्वांना सारख्याच, म्हणजे लपवायला जागा नसलेल्या, दोन ऑलिंपिकमध्ये पहिले येणे ही वेगळी कसोटी होती. चुकारिन तर बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचून आलेला होता, आणि पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक त्याने तिशीत मिळवले.

शून्य दशांश

आपण वहीत जागतिक स्पर्धाही उतरवणार असाल तर दोहा २०१८ पुढे एक टीप लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा गोंधळ होईल. रशियाचा आर्तुर दालालोयान आणि चीनचा श्याओ रुओतेंग या दोघांचेही गुण ८७.५९८ च होते. सुवर्ण दालालोयानला मिळाले, कारण बरोबरी झाल्यास सर्वांत कमी गुणांचे साधन वगळून उरलेल्या पाचांची बेरीज पाहिली जाते.