मेमध्ये ग्रेनेडाला जावं का? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

मंदार: मंडळी एक विचारायचंय, मुख्यतः सायलीला. तू मागच्या मेमध्ये ग्रेनेडाला गेलेलीस ना? आम्ही पण मेच्या दुसऱ्या आठवड्याचं बघतोय, पण डिसेंबरच्या मानानं हॉटेल इतकं स्वस्त दिसतंय की मलाच संशय यायला लागलाय, पाऊसबिऊस असणार किंवा सगळं बंद असणार, उगाच कोण कमी करतंय पैसे

सुनंदा आत्या: ग्रेनाडा स्पेनमध्ये ना रे? आमच्या भिशीतल्या दोघी जाऊन आल्या, राजवाडा फार सुंदर म्हणाल्या

सायली: आत्या ते ग्रानादा, स्पेनचं. हे ग्रेनेडा, कॅरिबियनमधलं छोटं बेट, व्हेनेझुएलाच्या वर. दादा बुकिंग करताना खरंच नीट बघ हां, विमानतळाचा कोड जीएनडी पाहिजे, नाहीतर बीचचे कपडे घेऊन स्पेनच्या डोंगरात उतराल

सायली: आणि गडबड काही नाही. याला शोल्डर सीझन म्हणतात. डिसेंबर ते ईस्टर अख्खी अमेरिका आणि कॅनडा थंडीतून पळून तिकडे जाते म्हणून भाव चढलेले. ईस्टर संपला की गर्दी ओसरते पण पाऊस अजून सुरू झालेला नसतो, जून ते डिसेंबर त्यांचा पावसाळा. मधले हे पाच सहा आठवडे फुकट पडलेले असतात बिचारे

प्राची: शोल्डर म्हणजे खांदा? हा काय प्रकार

सायली: वहिनी आपल्याकडे गणपती झाल्यावर आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी तारकर्लीला रूम कशी फोनवर सहज मिळते, मालक स्वतः विचारतो जेवायला काय करू, ते दिवस. तसंच

प्राची: हां मग कळलं

मंदार: पाऊस अजिबात नाही?

सायली: आम्हाला नऊ दिवसांत तीनदा लागला, तिन्ही वेळा दहा पंधरा मिनिटं, भिजायच्या आत ऊन. गरम वर्षभर सारखंच असतं, तिशीच्या आसपास, पण पूर्वेकडून वारा सतत असतो म्हणून मुंबईच्या मेसारखी चिकचिक होत नाही. डोंगरावर मात्र कधीही येतो पाऊस, ग्रँड एटांग म्हणून जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे तिथे आम्ही गेलो तर धुकं इतकं की तळंच दिसेना, माकडं तेवढी दिसली, ती केळं मागायला आली

नंदूकाका: आंजर्ल्याहून नमस्कार. ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेनं ज्या देशात सैन्य उतरवलं तेच ना हे? त्याच्या आधी आठवडाभर त्यांचा पंतप्रधान मॉरिस बिशप याला गोळ्या घातल्या होत्या. नंतर नोव्हेंबरात दिल्लीत राष्ट्रकुल परिषद झाली त्यात पण हाच विषय. मी तेव्हा बँकेत नवीन होतो, जेवणाच्या सुट्टीत यावरून भांडणं व्हायची.

सायली: हो काका तेच. आणि गंमत म्हणजे तेव्हा ज्या धावपट्टीवरून अमेरिका ओरडत होती की क्यूबावाले लष्करी तळ बांधतायत, त्याच धावपट्टीवर आता सगळे अमेरिकन टूरिस्ट हाफ पँटीत उतरतात. विमानतळाला नाव पण मॉरिस बिशपचंच दिलंय २००९ साली. त्याला मारलं तो किल्ला, फोर्ट जॉर्ज, राजधानीच्या गावातच आहे, वरून बंदर छान दिसतं, पण भिंतीपाशी उभं राहिलं की जरा गप्प व्हायला होतं

सुनंदा आत्या: *शुभ सकाळ. ज्याच्या मनी समाधान त्याच्या दारी भगवान*

मंदार: आत्या 😅 बरं वादळाचं काय? हरिकेन म्हटलं की आई घाबरते

सायली: हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. मेमध्ये क्वचितच. ग्रेनेडा बरंच दक्षिणेला, १२ अंशावर, म्हणून लोक म्हणायचे इथे वादळ येतच नाही. मग सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन आलं आणि दहातल्या नऊ घरांची छपरं वगैरे गेली. आणि १ जुलै २०२४ ला बेरिल, ते कॅरिआकू नावाच्या त्यांच्या छोट्या बेटावरून गेलं, तिथे काही शिल्लकच ठेवलं नाही. म्हणून मी म्हणते जून जुलै स्वस्त मिळालं तरी नको, मे तो मे

नंदूकाका: आयव्हनमध्ये त्यांची जायफळाची झाडं गेली. हे मी वाचलंय. त्याआधी इंडोनेशियाच्या खालोखाल जगात दुसरा नंबर होता त्यांचा.

सायली: काका बरोब्बर!! झेंड्यावर जायफळ आहे त्यांच्या, पिवळं फळ फुटून आत लाल जायपत्री, एकदम आपल्यासारखं. मी तुम्हाला फोटो पाठवलेला

नंदूकाका: फोटो झेंड्याचा पाठवलास. झाडाचा नाही.

प्राची: हाहाहा काका

प्राची: सायली ओमसाठी बीच कसाय? लाटा मोठ्या असतील तर मला नको, हा माणूस मोबाईलमध्ये असतो, पोरगं मलाच सांभाळायचंय

सायली: वहिनी ग्रँड आन्स बीच बघ, तीन किलोमीटर लांब, पश्चिमेकडची शांत बाजू, पाणी गुडघाभरच कितीतरी लांबपर्यंत. पूर्वेच्या बाजूला अटलांटिक, तिथे लाटा पण जोरात आणि सर्गॅसम म्हणून तपकिरी शेवाळ वाहून येतं मार्च एप्रिलपासून, ते किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. फोटोत कोणी दाखवत नाही हे. तेव्हा रूम पश्चिम किंवा दक्षिण पश्चिमेलाच घ्या, पूर्वेची स्वस्त दिसली तरी मोहात पडू नका

सायली: आणि हो महत्त्वाचं, ओमचे ते आर्मी प्रिंटचे कपडे घरी ठेवा!! तिथे कॅमोफ्लाज घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांना पण. आमच्या ह्यांनी तसलीच चड्डी घातलेली, विमानात शेजारच्या बाईंनी सांगितलं म्हणून वाचले, संडासात जाऊन बदलून आले

मंदार: हे बरं झालं सांगितलंस, त्याच्याकडे दुसरे कपडेच नाहीत

सुनंदा आत्या: शाकाहारी माणसानं काय खायचं तिथे? मी येणार नाहीये पण विचारून ठेवते

सायली: आत्या तुम्हाला ऐकून मजा वाटेल. त्यांचा राष्ट्रीय पदार्थ ऑइल डाउन. एका मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, कच्ची केळी, वर अळूची पानं, त्याला ते कॅललू म्हणतात, हळद आणि नारळाचं दूध, झाकण ठेवून शिजवत ठेवायचं, दूध आटून खाली नुसतं तेल राहिलं की झालं. आणि हळदीला ते काय म्हणतात माहितीये, सॅफ्रन, म्हणजे केशर. मी पहिल्या दिवशी म्हटलं काय श्रीमंत लोक आहेत

नंदूकाका: नीरफणस!

सुनंदा आत्या: अगं म्हणजे आपलंच की सगळं. आई नीरफणसाची कापं करायची तव्यावर

सायली: हो पण थांबा, त्यात खारवलेलं डुकराचं शेपूट घालतात

सुनंदा आत्या: शी

सायली: बिनमांसाचं पण मिळतं, रास्ताफारी पंथाचे लोक खातात ते, त्याला आयटल म्हणतात. विचारून घ्यायचं, वरून कळत नाही. आणि रोटी मिळते सगळीकडे, रोटी म्हणजे आपली पोळी नाही, मोठ्या पोळीत बटाटा चणे करी गुंडाळून देतात. ती आपल्याच लोकांनी नेलेली, १ मे १८५७ ला मेडस्टोन नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन तिथे पोचलं, इकडे उठाव पेटत होता तेव्हा. गुलामगिरी संपलेली, मळ्यात राबायला माणसं हवी होती. बहुतेक बिहार यूपीचे. आता भाषा गेली, नावं पण बरीचशी बदलली, रोटी तेवढी राहिली

नंदूकाका: नीरफणस पण मुळात तिकडचा नव्हे. ब्लाय नावाच्या कप्तानानं ताहितीहून रोपं आणली वेस्ट इंडीजला, १७९३ साली. गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालायला. पहिल्या खेपेला त्याच्याच खलाशांनी बंड करून त्याला होडीत घालून समुद्रात सोडला होता.

मंदार: काका तुम्हीच चला आमच्याबरोबर गाइड म्हणून

नंदूकाका: बाग कोण बघणार.

मंदार: गाडी भाड्यानं घेऊ का सायली? एडिसनहून न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ आणि तिथून पाच तासात थेट, तिथे उतरून लगेच गाडी असा विचार आहे

सायली: गाडी डावीकडून चालते आपल्यासारखी, तुला दहा वर्षं अमेरिकेत उजवीकडे चालवून आता जमेल का बघ. तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो, गाडीवाले करून देतात. पण रस्ते म्हणजे वरंध घाट, आणि समोरून बस आली की आपणच थांबायचं. मी तर म्हणेन बसनं फिरा. छोट्या व्हॅन असतात, गाणी ठणाणा, आपल्या वडापसारखं चेपून बसवतात, उतरायचं असलं की छतावर टकटक करायचं. एक नंबरची बस ग्रँड आन्सहून गावात जाते. आम्ही गाडी घेतलेली तिला निघताना आरशावरचा जुना ओरखडा आमच्या नावावर लावला, आधीच व्हिडिओ काढून ठेवला असता तर वाचलो असतो. तुम्ही काढा

सायली: पैसे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७०, कित्येक वर्षं तोच भाव. अमेरिकन चालतात पण सुटे त्यांचेच देतात

मंदार: आणि बघायचं काय? नऊ दिवस नुसतं पाण्यात नाही बसणार मी

सायली: मोलिनियर बेला समुद्राखाली पुतळे आहेत, २००६ साली ठेवलेले, हातात हात धरून गोल उभी असलेली माणसं, त्यांच्यावर आता प्रवाळ उगवलंय, नळी तोंडात धरून वरून पण दिसतात. उत्तरेला रिव्हर अँटवान म्हणून रमचा कारखाना १७८५ पासूनचा, उसाचा चरक अजून पाणचक्कीवर फिरतो. बेलमाँट इस्टेटला कोकोच्या बिया उन्हात पसरून त्यातून पायानं चालत जातात, पाय घासत, आपण भात वाळवताना फिरवतो तसं. आणि मेमध्ये जाणाऱ्यांसाठी खास म्हणजे लेव्हेरा बीचला रात्री लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात

नंदूकाका: इथे आमच्याकडे ऑलिव्ह रिडले. पिल्लं समुद्रात सोडायचा कार्यक्रम असतो, वेळासला आणि इथे. ते लेदरबॅक केवढं असतं?

सायली: काका आपलं कासव ताटात मावेल इतकं लहान वाटेल त्यापुढे. दोन मीटरपर्यंत लांब, पाठ कडक नाही, चामड्यासारखी. आमच्यासमोर एक आली, पाऊण तास नुसतं मागच्या पायांनी खड्डा करत होती, आणि श्वास असा सोडायची की माणूसच उसासा टाकतोय. परवानगी आणि गाइडशिवाय रात्री जाता येत नाही, टॉर्च फक्त लाल. ओम रडला तर मात्र बाहेर

प्राची: ओमला रात्री नऊनंतर कुठेच नेणार नाही मी. मंदार जाईल. रम कारखान्यात पण तोच जाईल असं दिसतंय

बाबा (मंदारचे): अँडरसन पीटर्स तिथलाच. भालाफेकीत २०२२ ला ओरेगॉनमध्ये ९०.५४ मीटर टाकून आपल्या नीरजला दुसरा केला. पॅरिसला मात्र नीरज रौप्य, हा कांस्य. आणि किरानी जेम्स, लंडन २०१२, ४०० मीटर सुवर्ण. लाखभराच्या वस्तीचा देश आहे तो.

मंदार: बाबा दोन वर्षांनी ग्रुपवर बोलले

सायली: काका किरानी ज्या गावचा त्या गुयाव्हला जायफळाचं केंद्र आहे बरं का. बायका हातानं निवडतात. पाण्यात टाकतात, बुडेल ते चांगलं, तरंगेल ते हलकं. आणि हे सगळं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं, १९४७ ची

नंदूकाका: सहकारी म्हणजे चेअरमन, निवडणूक, सगळं असेल.

सायली: ते नाही विचारलं हो. पण टरफलं वाया घालवत नाहीत, बागेतल्या पायवाटेवर टाकतात, चालताना कुरकुर वाजतात. आणि सालाचा जॅम करतात

नंदूकाका: साल आम्ही पण टाकत नाही, लोणचं करतो. मंदार ऐक. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आपली १९ जायफळं होती त्यातली १४ आडवी झाली. तुला फोनवर सांगितलं होतं. जायफळाचं मूळ वरवर असतं, वारा लागला की मुळासकट येतं. माड पडला तर दुःख होतंच पण जायफळ पडलं की सात आठ वर्षं गेली. मी परत लावलीत, कलमं लावलीत म्हणजे नर झाड निघायची भीती नाही, त्याला फळ धरत नाही. त्यांच्यावर आयव्हन येऊन वीस वर्षांवर झाली, म्हणजे त्यांनी परत लावलेली आता पूर्ण भरात असणार. ती कशी लावलीत ते मला बघायचंय.

मंदार: काका मी विचारीन तिथे कोणाला तरी

नंदूकाका: विचारू नकोस. मोज. दोन झाडांत किती पावलं ते मोज. मध्ये कोको लावलाय का केळ, ते बघ. वाऱ्याच्या बाजूला काय उभं केलंय ते बघ. चार ठिकाणी मोज, एका ठिकाणचं धरू नको.

मंदार: बी आणू का एखादं?

सायली: दादा नको! ताजं बी, रोप, माती असलं काही बॅगेत घालू नकोस, जेएफकेला काढून घेतील आणि वर दंड. वाळलेली जायपत्री घे बाजारातून, तीही उतरल्यावर कस्टम्सला सांग

नंदूकाका: मला बी नकोय. बी माझ्याकडे आहे.

मंदार: ओके. पण पावलं कोणाची धरायची काका, माझी लांब पडतात तुमच्यापेक्षा

नंदूकाका: तुझीच. दिवाळीला इकडे ये आणि आपल्या बागेत तीच टाक.

प्राची: झालं. मेचं तिकीट अजून काढलं नाही आणि दिवाळीचं पण ठरलं

सुनंदा आत्या: दिवाळीला मी पण येते आंजर्ल्याला. नंदू नीरफणस धरलाय का यंदा?