कॅलिफोर्नियातले प्रस्ताव समजावताना

कॅलिफोर्नियात मतदार ज्यांवर थेट 'येस' किंवा 'नो' मत देतात, त्या प्रस्तावांचं नाव आणि मतपत्रिकेवरचा सारांश वाचला की पुरे, असं काही जण म्हणतात. तेवढ्यावर कृपया मत देऊ नका. राज्याच्या प्रस्तावाला तिथे जेमतेम 75 शब्द मिळतात.

सगळ्यात जास्त गोंधळ रेफरेंडममध्ये, म्हणजे मंजूर कायद्यावरच्या जनमतात, व्हायचा. विधिमंडळाचा कायदा रोखायला विरोधक सह्या गोळा करतात, पण मतपत्रिकेवरचा प्रश्न 'हा कायदा ठेवायचा का' असा असायचा. म्हणजे विरोधकांनी 'नो' म्हणायचं! (2023 च्या कायद्याने रेफरेंडमसाठी येस-नोऐवजी 'कायदा ठेवा' आणि 'कायदा रद्द करा' असे पर्याय आणले.) 2022 च्या प्रपोझिशन 31 मध्ये 'येस' म्हणजे फ्लेवर्ड तंबाखूच्या विक्रीवरची बंदी लागू, असा अर्थ होता. म्हणून आई-बाबांना समजावताना आधी कागदावर दोनच ओळी लिहा: येस जिंकलं तर काय बदलेल, नो जिंकलं तर काय तसंच राहील.

स्थानिक शाळांच्या बाँडचा (शाळांसाठी काढलेल्या कर्जाचा) घरमालकांवरचा कर दर 1,00,000 डॉलरमागे सांगतात, तोही असेस्ड व्हॅल्यूवर, म्हणजे करासाठी धरलेल्या घराच्या किमतीवर. बाजारभावाने गुणाकार केला की आकडा उगाच फुगतो आणि लोक घाबरतात. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरची किंमत घ्या. ती 6,00,000 आणि दर 30 डॉलर असेल, तर वर्षाला 180. असे बाँड मंजूर व्हायला बहुधा 55 टक्के मतं लागतात.

राज्याची मतदार पुस्तिका हिंदीतही मिळते. त्यात लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचं (विधिमंडळाच्या तटस्थ आर्थिक सल्लागाराचं) विश्लेषण आधी वाचा. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कोणतीही सरकारी यंत्रणा तपासत नाही, हे तिथेच छापलेलं असतं. मतपत्रिका मतदानाच्या 29 दिवस आधी टपालात पडू लागतात, तेव्हा आई-बाबांना समजावण्याची बैठक त्याच आठवड्यात ठेवा.