शब्दचर्चा : निर्वासित, शरणार्थी की आश्रयार्थी?

अनुवादिका_कोथरूड
दिवाळी अंकासाठी युरोपातल्या स्थलांतरावरचा एक लेख मराठीत करतेय. 'रेफ्युजी'ला निर्वासित लिहिलं, तिथवर ठीक. अडलंय ते 'असायलम सीकर'पाशी. आश्रयासाठी अर्ज केलाय, निकाल लागायचाय, असा माणूस. मी 'आश्रयार्थी' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'घुसखोर' केलं, वाचकाला पटकन कळतं म्हणून. मला हे मुळीच मान्य नाही. जिवाच्या भीतीने थेट आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर केवळ विनापरवाना सीमा ओलांडली म्हणून त्याला शिक्षा करू नये, असं १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम ३१ सांगतं. मग निकालाआधीच त्याला घुसखोर ठरवणारे आपण कोण? आणखी चांगला शब्द सुचतोय का?

सदाशिवपेठी
'शरणार्थी' आहे की. शरण अधिक अर्थी. तयार शब्द असताना नवे पाडायची हौस कशाला?

मुठेकाठी
तो हिंदी बातम्यांतून आलाय हो. मराठीत शरण जाणं म्हणजे हार पत्करणं, हत्यार खाली ठेवणं.

सदाशिवपेठी
वारकरी विठ्ठलाला शरण जातो, तो काय हरतो? शब्द संस्कृत आहे, हिंदीच्या मालकीचा नाही. आणि 'घुसखोर' हिंदी माणसाला वाचायला द्या, तो लाचखाऊ समजेल.

पिंपरीवाली
माझं सासर पिंपरी कॅम्पातलं, सिंधी. सासूबाईंसमोर ना 'निर्वासित' चालतं, ना 'शरणार्थी'. फाळणीनंतर आलेले सिंधी-पंजाबी लोक स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. घरात कराचीहून आलेली एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात छावणीतला खोली नंबर अजून दिसतो. ती रंगवायला कोणी काढली की सासूबाई आडव्या येतात. नंबर राहू दे म्हणतात, पण तो शब्द नको.

सदाशिवपेठी
ताई, भावना समजतात, पण 'निर्वासित' इतका नेमका शब्द दुसरा नाही. निर्वासन म्हणजे राहत्या जागेतून काढून लावणं, जसं सीतेचं. कोणीतरी घालवलंय हे त्या शब्दातच आहे.

कोयनेचा
आमच्याकडे सरळ 'गाव उठलं' म्हणतात. कागदावर आम्ही धरणग्रस्त. नातवंडं पुण्यात नोकरीला लागली तरी दाखल्यावर धरणग्रस्तच. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात 'पूरग्रस्त' आले. तसं 'युद्धग्रस्त' का नको?

मुठेकाठी
दादा, युद्धग्रस्त देश असतो. आणि छळाला भिऊन पळालेल्याच्या गावात युद्ध असेलच असं नाही.

बाणेर_आई
माझा मुलगा म्युनिकला असतो. त्याला सगळे 'जर्मनीत स्थायिक' म्हणतात, स्थलांतरित कोणी म्हणत नाही. त्याच शहरात सीरियातून आलेल्यांचा मात्र 'लोंढा'! हा शब्द आपण पुराच्या पाण्याला वापरतो, आणि परप्रांतीय मजुरांनाही. २०२४ अखेर जगात १२ कोटींहून जास्त लोक बळजबरीने विस्थापित होते, त्यातले निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशात. देश सोडलेल्यांपैकी साधारण पाऊण लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी सांभाळलेत. मग लोंढा नेमका कुठे आलाय? आधी तो शब्द काढा.

अनुवादिका_कोथरूड
लोंढे मी सगळे काढले, काकू. पण आता पुढचा परिच्छेद अडलाय. लोकांना पलीकडेच थोपवावं म्हणून युरोपीय संघाने २०१६ मध्ये तुर्कस्तानला सहा अब्ज युरो कबूल केले. ब्रिटनने २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचा घाट घातला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी बेकायदा ठरवला. ऑस्ट्रेलियाने बोटीने आलेल्यांना नौरूच्या बेटावर ठेवलं. आश्रयाच्या अर्जांची छाननी अशी देशाबाहेरच करण्याला मूळ लेखात 'ऑफशोअर प्रोसेसिंग' म्हटलंय. 'परदेशी प्रक्रिया' लिहिलं तर फळांचा रस काढतात असं वाटतं.

मुठेकाठी
'डांबून ठेवणं' लिहा.

सदाशिवपेठी
ते मत झालं, भाषांतर नव्हे. 'छावणी' पुरे.

पिंपरीवाली
छावणीतून आमचे लोक कामाला जात, बाजारात बसत, दुकानं काढत. समुद्रातल्या बेटावरून कुठे जाणार? छावणी म्हणू नका.

कोयनेचा
कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडचे सुमारे पाच हजार लोक होते, बहुतेक बायका-मुलं. ती छावणीच. नंतर तिथेच सिंधी आले, त्याचं गांधीनगर झालं.

सदाशिवपेठी
तेच म्हणतोय मी. आणि मुळात 'परागंदा' कोणालाच कसा आठवला नाही? फारसीतला आहे, विखुरलेला असा अर्थ. किती सुंदर शब्द.

मुठेकाठी
सुंदर आहे, पण मराठीत परागंदा होतो तो आरोपी. पुन्हा घुसखोरापाशीच आलात तुम्ही.

सदाशिवपेठी
फारसीत तसं नाही.

बाणेर_आई
लेख मराठीत आहे ना?