मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील अमायलॉइड आणि सूज : बायोप्सीशिवाय निदान होते का?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)
माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. महिनाभरात त्यांचे वागणे बदलले, डोके दुखू लागले आणि गेल्या आठवड्यात आकडी आली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला सूज दिसली, तेव्हा गाठ असावी असे सांगण्यात आले. एमआरआयनंतर मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या अमायलॉइड या प्रथिनामुळे दाह झाला असावा, अशी शंका डॉक्टरांनी व्यक्त केली. या वयात कवटी उघडून तुकडा काढणे टाळता येईल का?

उत्तर १ (मिरज, रेडिओलॉजी)
पक्का पुरावा बायोप्सीच देते, परंतु ती प्रत्येकाला लागत नाही. तिच्याशिवाय संभाव्य निदान करण्यासाठी २०१६ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार वय किमान ४० असावे, आपण लिहिली आहेत तशी लक्षणे ताज्या रक्तस्रावामुळे आलेली नसावीत, मेंदूच्या आतील पांढऱ्या भागातील सूज दोन्ही बाजूंना सारखी नसून थेट मेंदूच्या बाह्यस्तराच्या खालपर्यंत पोहोचलेली असावी आणि त्या बाह्यस्तराजवळ जुन्या रक्तस्रावाच्या खुणा असाव्यात. या बारीक खुणा साध्या एमआरआयमध्ये सहज निसटतात. त्यासाठी एसडब्ल्यूआयसारखा, रक्ताच्या बारीक खुणा दाखवणारा एमआरआयचा खास प्रकार लागतो. तो झाला आहे का, हे अहवालात आवर्जून पाहावे. मात्र या निकषांत दुसरे कारण नसणे हीसुद्धा अट आहे आणि आपल्याकडे क्षयरोग व मेंदूतील कृमींच्या गाठी विसरून चालत नाही. म्हणून पाठीतले पाणी तपासण्यास घाबरू नये, फक्त सूज पाहता ते सुरक्षित आहे का, हे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील.

उत्तर २ (कराड)
माझ्या वडिलांना हाच आजार झाला होता. संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर पाच दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड दिले आणि पुढे कित्येक आठवडे गोळ्या हळूहळू कमी केल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली, तो क्षण मी विसरू शकत नाही. साखर मात्र फार वाढली, म्हणून ती रोज तपासत राहा. औषधाला प्रतिसाद मिळाला नाही, तर बायोप्सीचा विचार करावा लागेल, असे आम्हाला आधीच सांगितले होते.

उत्तर ३ (मिरज, रेडिओलॉजी)
एक राहून गेले. सासूबाई ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आजच सांगा. या रक्तवाहिन्या ठिसूळ झालेल्या असतात. परंतु गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्नकर्ती
अहवालात एसडब्ल्यूआयचा उल्लेख नाही, आणि ॲस्पिरिन त्या सहा वर्षे घेत आहेत. दोन्ही गोष्टी उद्या सकाळीच डॉक्टरांसमोर ठेवते.