कूलर सुरू करायला मोबाइल कशाला?

महालकर
नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतला तिसरा दिवस, दुपारचे अडीच. नागपूरला महालातल्या घरी आई एकटी होती, वय 71. लाइट होती, टाकीत पाणी होतं, पण कूलर काही सुरू होईना. वरची काचेची पट्टी बोटाला दाद देत नव्हती. रिमोट चालेना. तिसरा मार्ग ॲपचा, आणि ते ॲप माझ्या फोनमध्ये. मी हिंगण्याला ड्यूटीवर. उघडून पाहतो तर 'डिव्हाइस ऑफलाइन'. घरी पोहोचलो तेव्हा आई ओला पंचा डोक्यावर घेऊन पंख्याखाली बसली होती आणि पंखा भट्टीसारखी हवा फेकत होता. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. ते मला अजून दिसतं.

कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला. बोर्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला म्हणाला, नवा 3,800 रुपयांचा, तोही मागवावा लागेल. आई सध्या बहिणीकडे आहे.

याआधी वडिलांनी 1996 साली घेतलेला लोखंडी कूलर होता. दर एप्रिलमध्ये बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, मोटर दोनदा भरून घेतली, पंप तीन-चारदा बदलला. खटका फिरवला की सुरू. तो मी स्वतः भंगारवाल्याला दिला.

आणि वस्तू धडधाकट असली तरी भरवसा नाही. गूगलने नेस्टच्या 2011 आणि 2012 च्या थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र) सपोर्ट 25 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. भिंतीवरचं यंत्र ठणठणीत, पण फोनवरून चालणं त्या दिवशी संपलं. घरातली वस्तू विकत घेतल्यावरही तिची किल्ली दुसऱ्याकडे का असावी?

त्रिमूर्तीनगरची लेक
दादा, आईंना जे सोसावं लागलं ते वाचून वाईट वाटलं. तरी मी तुमच्या विरुद्धच बोलणार.

मी बंगळुरूला असते. बाबांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, बारीक बटण दाबलं जात नाही, खटका तर फिरतच नाही. दुपारी एक वाजता मी इथून त्यांच्या खोलीचा एसी लावते, रात्री तापमान वाढवते. तो चालू झाला की नाही हे मला कळतं. तुमच्यासाठी ॲप म्हणजे अडचण असेल, माझ्या बाबांसाठी तो माझा हात आहे.

नेस्टचंही तुम्ही अर्धंच सांगितलं. त्याची चकती हाताने फिरवली की घर गरम होतच होतं. ते काम बंद पडलं नाही.

महालकर
ताई, चकतीचं तुमचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण माझी मागणी तीच आहे. ॲप असू द्या, त्याखाली हाताने चालणारी चकतीही असू द्या. आमच्या कूलरला ती नाही. तुमचं नेट एखाद्या दुपारी गेलं, तर बाबांच्या खोलीत तो एसी कोण लावणार?

त्रिमूर्तीनगरची लेक
शेजारच्या काकू. त्यांच्याकडे घराची किल्ली ठेवली आहे. एकदा नेट गेलं तेव्हा त्यांनीच लावला. पण रोज चार वेळा मी त्यांना नाही बोलावू शकत.

कूलर रिपेअर, सक्करदरा
22 वर्षं झाली या धंद्यात. साध्या कूलरमध्ये आहे काय? मोटर, कंडेन्सर, पंप अन् एक रोटरी स्विच. मोटर नुसती घूं घूं करते, पाती हाताने ढकलली की फिरते, तर कंडेन्सर गेला समजा. दहा मिनिटांचं काम.

बोर्डवाल्याचं तसं नाही. बऱ्याच बोर्डांवर डांबरासारखी काळी राळ ओतलेली राहते. ओल लागू नये म्हणून ओततात, ते बरोबरच आहे, कूलरमध्ये ओल राहतेच. पण मग आतला पाच रुपयांचा पार्ट गेला तरी मले हात लावता येत नाही, अख्खा बोर्ड फेकावा लागते. गिऱ्हाईक म्हणते, भाऊ तुम्हाले जमत नाही काय? जमते हो, पण उघडतच नाही तर करू काय?

मनीषनगर
बोर्डाला सरसकट शिव्या नकोत. साधा छताचा पंखा 70-75 वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या कमी विजेच्या मोटरचा, 28 ते 35. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा पंधरा-सोळा तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला 18 युनिटच्या आसपास वाचतात. ही बचत बोर्डामुळेच होते, बोर्डाशिवाय ती मोटर फिरतच नाही. प्रश्न आहे पार्ट मिळण्याचा. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, टिकाऊ घरगुती वस्तू त्यात आहेत. पण गल्लीतल्या मेकॅनिकला नकाशासकट बोर्ड मिळाला तरच त्याचा उपयोग.

प्रतापनगरची काकू
जुन्या कूलरची आठवण काढणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. त्यात पाणी कोण टाकत होतं?

आमच्याकडे मी टाकत होते. सकाळी नळ आला की आठ-दहा बादल्या, स्टुलावर चढून, खिडकीबाहेर वाकून. दुपारी टाकी खाली झाली की पंपाचा आवाज बदलायचा, पोरं ओरडायची, पुन्हा दोन बादल्या. 2019 ला पाऊस लांबला अन् जुलैत एकाआड एक दिवस नळ होता, तेव्हा प्यायचं पाणी जपू की कूलरचं, हा हिशेबही मीच करत होते.

आणि करंट! माझ्या जाऊबाईंना पाणी टाकतानाच झटका बसला. ओला हात, लोखंडी पत्रा, पायात चप्पल नाही, दोन पिनांचा प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही. बादली एकीकडे, बाई एकीकडे. थोडक्यात वाचल्या. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं गेल्याच्या बातम्या येतात. नव्याला प्लास्टिकचं अंग आहे, पाणी कमी झालं की शिट्टी वाजते. मला हा कूलर आवडतो आणि मी तो सोडणार नाही.

महालकर
काकू, पाणी आमच्याकडेही आईच टाकायची. हे मी लिहिलं नाही, कारण माझ्या डोक्यातच आलं नाही. खटका फिरवला की सुरू असं लिहिताना बादल्या मी मोजल्याच नाहीत. चूक झाली.

तरी बोर्डाबद्दल माझं मत बदलत नाही. प्लास्टिकचं अंग आणि पाण्याची शिट्टी यासाठी इंटरनेट लागत नाही.

कूलर रिपेअर, सक्करदरा
काकू, शंभर टक्के खरं. अन् प्लास्टिकच्या कूलरमध्येही पंप पाण्यातच राहते, म्हणून पाणी टाकताना प्लग काढाच. घरात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. नुसत्या एमसीबीनं माणूस वाचत नाही, तो फक्त जास्त लोड अन् शॉर्ट सर्किटवर पडते. बादल्याही बंद होतात. छतावरच्या टाकीतून पाइप आणायचा अन् कूलरमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह लावायचा, संडासच्या टाकीत राहते तसाच. पाणी उतरलं की आपोआप भरते. फक्त आठवड्यातून एक दिवस टाकी खाली करून कोरडी करा, नाही तर डेंग्यूचे डास होतात.

प्रतापनगरची काकू
हे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझी कंबर वाचली असती.

महालकर
भाऊ, आमच्या कूलरचा बोर्ड काढून रोटरी स्विच बसवता येईल काय?

कूलर रिपेअर, सक्करदरा
मोटर साधी असली तर होते. स्पीडच्या तारा स्विचवर घ्यायच्या, पंपाले वेगळं बटण द्यायचं. बीएलडीसी असली तर नाही जमत. मागच्या लेबलवर किती वॉट लिहिलं आहे पाहून सांगा. अन् वॉरंटी असली तर हात लावू नका.

महालकर
190 वॉट. वॉरंटी मार्चमध्ये संपली.

कूलर रिपेअर, सक्करदरा
मग साधीच दिसते, उघडून पाहू. मंगळवारी दुकान बंद राहते, बाकी कधीही आणा. स्विच मोठ्या मुठीचा लावतो, आईले पकडता आला पाहिजे.

त्रिमूर्तीनगरची लेक
भाऊ, अशी मोठी मूठ एसीच्या बटणाला लावता येते का? बाबांसाठी विचारते आहे.