वस्तीच्या गाडीला उभे राहणारे आजोबा

पाखाडी (धागा सुरू करताना)

म्हाळासाठी मागच्या आठवड्यात गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. चिपळूणहून वस्तीची एसटी धरली आणि रात्री पावणेनऊला तिठ्यावर उतरले, तेव्हा लक्षात आले की बॅटरीचा झोत अंगावर पडलेला नाही. आबांना जाऊन दोन वर्षे झाली, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण या दोन वर्षांत मी दर वेळी भावाच्या मोटारीने थेट खळ्यापर्यंत गेले होते, त्यामुळे तिठ्यावर त्यांचे नसणे मी अजून पाहिलेच नव्हते.

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर वीसेक वर्षे तीन सेलची बॅटरी घेऊन ते त्या गाडीला रोज उभे राहत. कोणी येणार असेल तेव्हा तर राहतच, पण कोणी येणार नसेल तेव्हाही राहत, कारण त्यांच्या हिशेबाने कळवून येतो तो पाहुणा आणि न कळवता येतो तो घरचा. गाडीतून कोणीच उतरले नाही तर कंडक्टरची विचारपूस करून, त्याच्या जेवणाचे काय ते बघून, ते परत येत आणि आजीला फक्त ‘वाढ’ म्हणत. आजीला त्या एका शब्दावरून सगळे समजत असे.

या वेळी माळ्यावर त्यांची जुनी कालनिर्णये सापडली. दूध, सिलिंडर, गड्यांची मजुरी आणि कोण आले, कोण गेले एवढेच त्या चौकोनांत लिहिलेले आहे. माझ्या नावापुढे ‘आली’ असे बऱ्याच ठिकाणी आहे, ‘गेली’ मात्र एकदाही नाही. मी रडायला लागले, तेव्हा आत्या म्हणाली की उगाच अर्थ लावू नकोस, पहाटेच्या गाडीवर तुम्हाला पोचवून आले की ते थेट गोठ्यात जात आणि लिहायचे विसरत. तिचे खरेही असेल.

तुमच्या आजोबांविषयी लिहावे. पदे आणि सत्कार सांगू नयेत असे नाही, पण मला त्यांचे घरातले वागणे वाचायला अधिक आवडेल.

रोठा

आमचे आजोबा दिवेआगरचे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या चारशे पोफळींपैकी साठ-सत्तरच उभ्या राहिल्या. त्या वेळी ते ब्याऐंशी वर्षांचे होते. मोडलेल्या पोफळी बाजूला काढून होतात न होतात तोच त्यांनी रोपांसाठी सुपाऱ्या पेरायला घेतल्या आणि कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही म्हणून सावलीसाठी ओळीने केळी लावून घेतली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात, हा साधा हिशेब घरातल्या प्रत्येकाच्या मनात होता आणि कोणीही तो तोंडाने बोलत नव्हते. काकांनी एकदा वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधण्याचा विषय काढला, तेव्हा आजोबांनी त्यांना शांतपणे पाटाचे पाणी वळवायला पाठवले.

रोज संध्याकाळी पडवीत बसून ते अडकित्त्याने दोन प्रकारची सुपारी कातरत असत. स्वतःसाठी जाडसर खांड आणि आजीसाठी रव्यासारखी बारीक, कारण तिचे दात पडले होते. ते २०२२ मध्ये गेले. आजीने त्या दिवसापासून सुपारी सोडली. डॉक्टर तिला दहा वर्षे तेच सांगत होते. नव्या पोफळींना या वर्षी पहिले घड आले, आणि त्यांतले निम्मे वानरांनी पाडले.

गिरणीचा भोंगा

वरचे दोन्ही अनुभव वाचून माझ्या मनात जे आले ते थोडे वेगळे आहे, तरीही लिहितो. आमचे आजोबा राजापूर तालुक्यातले, पण त्यांची सगळी उमेद परळच्या एका गिरणीत गेली. गावकीच्या खोलीत वीस-बावीस जण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. आजी चार मुलांसह गावी भात लावत होती. दर महिन्याच्या बारा-तेरा तारखेला मनीऑर्डर येई आणि तिच्या खालच्या कुपनावर, जेवढी जागा असे तेवढ्यात, चौघांची चौकशी असे. ती कुपने आजीने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्या पावसाळ्यापूर्वी आजोबा गावी आले ते कायमचे. तो संप कोणी मागे घेतल्याचे जाहीर केले नाही, तसे आजोबांनीही नोकरी गेली असे कधी म्हटले नाही. शेवटपर्यंत कोणी विचारले तर ‘संप चालू आहे’ असेच ते सांगत. आम्ही नातवंडे जन्मलो तेव्हा त्यांच्याकडे वेळच वेळ होता. त्यांनी आम्हाला नदीत पोहायला शिकवले, फणस कसा फोडावा ते शिकवले, आणि तापात रात्रभर उशाशी बसून मीठपाण्याच्या पट्ट्या बदलल्या.

त्यांच्या बाराव्याला सगळे त्यांच्या मायेविषयी बोलत होते, तेव्हा बाबा उठून खळ्यात गेले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, ‘तुम्हाला आजोबा मिळाले, मला मनीऑर्डर मिळाली.’ बाबांना वडील वर्षातून दोनदा दिसत, गणपतीत आणि शिमग्याला. माझे आजोबा कुटुंबवत्सल होते असे मी म्हणतो तेव्हा ते बाबांच्या वाट्याला आले नाहीत हेही मला म्हणावे लागते. त्या रात्री आजीने पत्र्याचा डबा बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो उघडला की नाही हे मी विचारलेले नाही.

पाखाडी

गिरणीचा भोंगा, तुम्ही हे लिहिलेत हे बरे केलेत. माझी आत्या त्या कालनिर्णयांविषयी तशी कोरडेपणाने का बोलली असेल, याचा मी आता पुन्हा विचार करते आहे. आबांची बदली दूरच्या शाळांवर होती त्या काळातच तिचे सगळे बालपण निघून गेले.

आठळी

विषयाला सोडून विचारते, क्षमा असावी. पाखाडीताई, तुमच्याकडची वस्तीची गाडी अजून रोज येते का? आमच्याकडची बंद होऊन बरीच वर्षे झाली आणि आता तिठ्यावरून रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते. आजोबांविषयी रात्री जेवणे आटोपली की सविस्तर लिहीन.

कातळ

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. आजोबांच्या दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले आणि पाऊण तास कावळा शिवेना. आंब्यावर तीन कावळे बसलेले दिसत होते. प्रत्येकाने आपापल्या परीने शब्द दिला. थोरल्या काकांनी कलमांची राखण करीन म्हणून सांगितले, धाकट्यांनी भावाशी वाद घालणार नाही म्हणून सांगितले, आणि भटजी दर्भाचा कावळा करण्याच्या तयारीला लागले. तेवढ्यात माझा चुलतभाऊ, जो एरवी कोणाशी फार बोलत नाही, पुढे झाला आणि म्हणाला, ‘आजीला या घरातून हलवणार नाही.’ कावळा लगेच खाली आला.

हा योगायोग आहे हे मी आजही सांगतो. आजी मात्र योगायोगावर थांबायला तयार नाही. ठाण्याला चला असे तिला कोणी म्हटले की ती त्या कावळ्याचा दाखला देते, आणि शब्द देणारा चुलतभाऊ गेली तीन वर्षे आपली नोकरी सोडून तिच्याजवळ राहतो आहे. त्याचे लग्न यामुळे अडले आहे, असे घरातल्या बायका दबक्या आवाजात बोलतात.

खाडीपलीकडे

आमचे आजोबा संगमेश्वराजवळच्या गावी २१ जुलै २०२१च्या रात्री गेले. दुसऱ्या दिवशी चिपळूण पाण्याखाली होते, वाशिष्ठीच्या पुलापाशी पाणी चढल्याने कोकण रेल्वे थांबली होती, आणि मी पनवेल स्थानकावर बॅग घेऊन बसलो होतो. अग्नी दिलेला मी फोनवरही पाहू शकलो नाही, कारण गावात वीज नव्हती. पावसात कोणी प्रवासाला निघाले की ‘घाटात थांबू नकोस, जमले तर निघूच नकोस’ असे बजावणारा फोन तेच करत असत.

रापण

मालवणकडून लिहिते आहे. माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते आणि किनाऱ्यावर त्यांचा आवाज चढला की दोर ओढणारी सगळी माणसे गप्प होत. आपला वाटा घेतला की ते आधी विधवा बहिणीच्या दारात थोडे मासे टाकत आणि मग घरी येत. ताटावर बसले की ‘पोरांका आधी वाढ, माझा मगे बघूया’ हे ठरलेले होते.

आजीचे उजवे अंग गेले तेव्हा ते सत्तरीत होते. त्यानंतर सहा वर्षे तिची वेणी त्यांनीच घातली. वल्ह्याने घट्टे पडलेल्या हातांनी ते आधी गुंता सोडवत, मग तेल लावत आणि तीन पेडांची वेणी घालत, मात्र त्याआधी पडवीचे दार लोटून घेत, कारण वाडीतल्या पुरुषांनी पाहिलेले त्यांना चालले नसते. मला वेणी घालायला त्यांनीच शिकवले, हे मी सासरी कोणाला सांगितलेले नाही.

रोठा

पाखाडीताई, आबांची ती बॅटरी ठेवली असेल तर आतले सेल काढून ठेवा. आमच्याकडची एक तशीच फडताळात राहिली आणि आतून पूर्ण गंजून गेली.

पाखाडी

आठळी, गाडी येते, पण पावसाळ्यात चार दिवसांआड चुकते. रोठा, तुमचा निरोप वाचून भावाला फोन केला. दोन सेल निघाले, तिसऱ्याला पाणी सुटून तो आत चिकटला आहे. हळूहळू खरवडून बघतो म्हणाला.